चिरक्या परातीची जागरणं

मित्रांनो, मी परात आहे. तांब्याची, जुनी, दोन हात रुंद, आणि काठाला एका बाजूने वीतभर चीर गेलेली. आपली गोष्ट सांगताना आधी रूपाचं वर्णन करायचं असतं, म्हणून केलं. पण माझ्या रूपात काही नाही. माझं जे काही आहे ते आवाजात आहे. आणि तो आवाज ऐकवत नाही याबद्दल अमारा शहराच्या खालच्या अंगाला, नदीकाठी वसलेल्या आमच्या गावात कुणाचंही दुमत नाही.

जन्मतः मी अशी नव्हते. अमाऱ्याच्या बाजारातल्या एका तांबटाने मला मोठ्या मायेने ठोकून घडवलं होतं. बोटाने टिचकी मारली की मी असा काही नाद काढायचे की शेजारचा चांदीकाम करणारा कारागीर हातातलं काम थांबवायचा. हिरमिझच्या लग्नात त्याच्या सासऱ्याने मला आंदण दिलं. हिरमिझ नावा बांधणारा. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. नावेत बसून सासरी येताना मी मनात एकच स्वप्न रंगवत होते. धर्मगुरूंच्या घरी जायचं, नदीत तीनदा बुडून सोवळं व्हायचं, आणि पवित्र भाकऱ्यांचं पीठ आपल्यात मळून घ्यायचं. भांड्याच्या जन्माला येऊन याहून मोठं काय मिळवायचं?

हिरमिझने काठावर उडी मारली ती मला बगलेत धरून. मी निसटले आणि खाली पडलेल्या लोखंडी नांगरावर आपटले.

कल्हईवाल्याने चीर बुजवली, पण गुरूंच्या नजरेतून काही सुटत नाही. शेख झहरून यांची दाढी तेव्हा काळीभोर होती. त्यांनी माझ्या काठावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "या फटीत कालचं पीठ राहणार. नदीत तीनदा बुडवा, नाहीतर तीसदा. हिच्यात मासे ठेवा."

झालं. मी मासे ठेवायची परात झाले. पुढे नावेतलं पाणी उपसायला मला वापरलं. एका वसंतात कोंबडी माझ्यात अंड्यांवर बसली आणि तिने अकरा पिल्लं काढली. खरं सांगते, इतकी ऊब मला त्याआधी कधी मिळाली नव्हती. पिल्लं मोठी झाली, निघून गेली. मी पुन्हा मासळी बाजारात.

माझं नशीब पालटलं ते एका जागरणात.

आमच्या लोकांत ज्याला तरमीदा व्हायचं असतं, म्हणजे ज्याला लोकांना नदीत नेऊन स्नानविधी करायचा, लग्नं लावायची, गेलेल्या जिवाला पुढच्या वाटेला लावायचं, त्याला आधी बोरूच्या झोपडीत सात दिवस आणि सात रात्री बसावं लागतं. डोळा मिटायचा नाही. झोपेत माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो. जो दुसऱ्यांना शुद्ध करणार त्याने निदान सात दिवस तरी स्वतःवर पहारा ठेवावा, असं शेख झहरून सांगतात. झोपडीभोवती जमिनीत एक चर खणतात. त्या चराच्या आत बाहेरचं काही जाता कामा नये. माणूस नाही, भांडं नाही, कोंबडी तर मुळीच नाही. गावकरी चराबाहेर बसतात आणि उमेदवाराला जागं ठेवतात. गाणी म्हणतात, कोडी घालतात, चावट गोष्टी सांगतात, ढोल बडवतात. त्याचा डोळा लागलाच तर सगळं मोडलं. नवी वस्त्रं, नवी झोपडी, पुन्हा कित्येक महिन्यांची वाट.

तर त्या वर्षी ऐन पाचव्या दिवशी दमट हवेने ढोलाचं कातडं सैल पडलं. त्यातून मांजर उडी मारून गेल्यासारखा धप्प आवाज यायला लागला. उमेदवाराची मान डुलायला लागली. हिरमिझने इकडेतिकडे पाहिलं, माझ्यातले मासे वाळूवर ओतले आणि लाकडी डावाने माझ्या पाठीवर एक दणका दिला.

चिरेतून जो आवाज निघाला त्याचं वर्णन मी करणार नाही. गावातली कुत्री खजुराच्या बागेपलीकडे पळाली, ती दोन दिवस परतली नाहीत. उमेदवाराचे डोळे फुटलेल्या डाळिंबासारखे सताड उघडले आणि सातवा दिवस संपेपर्यंत तसेच राहिले.

तेव्हापासून गावात कुणीही तरमीदा होणार म्हटलं की पहिला निरोप हिरमिझकडे येतो: "परात आणा." तीस वर्षांत मी चार तरमीदा जागवले. चौघेही पुढे दुसऱ्या गावांना गेले. ते माझ्या आवाजामुळे गेले असं बोललं जातं, पण मी मनावर घेत नाही. आणि तीस वर्षांत चार, म्हणजे मधली सगळी वर्षं मासेच होते हेही तुम्ही लक्षात घ्या.

आता पाचव्याची गोष्ट.

पाचवा उमेदवार शितिल. वय चोवीस, घरचा धंदा चांदीकामाचा, शेकडो प्रार्थना तोंडपाठ, स्वभाव लोण्यासारखा. दोष एकच. गावात त्याच्याइतकं झोपाळू माणूस दुसरं नव्हतं. तो स्वतःच्या साखरपुड्यात झोपला होता. मुलीकडच्यांना वाटलं, डोळे मिटून प्रार्थना करतोय, आणि तेच त्यांना इतकं आवडलं की लग्न ठरलं.

"शेख, दुसरं कुणी नाही का?" हिरमिझने विचारलं होतं.

"दुसऱ्या कुणाला शंभर प्रार्थना येतात का?"

"शंभर येत नसतील, पण जागता येतं."

"जागता मलाही येतं, हिरमिझ. नदीत उभं राहता येत नाही," असं म्हणून शेखांनी आपले दोन्ही गुडघे दाखवले.

खरी अडचण तिथेच होती. शेख झहरून यांची दाढी आता पांढरी झाली होती आणि गुडघे उशीसारखे सुजले होते. विधी वाहत्या पाण्यातच व्हायला हवा. पण पाण्यात उतरले की त्यांना दोघांनी धरून बाहेर काढावं लागायचं. गावातली तान्ही मुलं स्नानाविना वाढत होती, ठरलेली लग्नं खोळंबली होती. शितिल या वेळी जागा राहिला नाही, तर पुन्हा सगळं जमवायला शेख राहतील की नाही, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

हिरमिझचा तर त्यात आणखी जीव अडकला होता. त्याची सून ममानी वीस दिवसांची बाळंतीण होती. ओहोळाच्या पलीकडे लहानशा झोपडीत ती वेगळी राहत होती, वेगळी थाळी, वेगळा पेला. महिना उलटून आईचं आणि बाळाचं नदीत स्नान होईपर्यंत त्यांना शिवायचं नाही अशी आमच्याकडची रीत. शिवायचंच नाही असं नाही, पण जो शिवेल त्यालाही वेगळं बसावं लागतं. आणि हिरमिझ तर जागरणाचा पुढारी. त्याने आपल्या पहिल्या नातवाला ओहोळाच्या अलीकडूनच पाहिलं होतं, तेही ममानीने बाळाला उंच धरलं तेव्हा.

"नाक माझ्यावर गेलंय," तो अलीकडून ओरडायचा.

"असं बोलू नका, मामंजी," ममानी पलीकडून म्हणायची, "अजून लहान आहे तो, सुधारेल."

या बाळाचं एक विलक्षण होतं. ते झोपतच नसे. वीस दिवसांत ममानीच्या डोळ्यांखाली काजळ न लावताच काजळ आलं होतं. पण शितिलचं जागरण सुरू झालं, हिरमिझने मला बडवायला घेतलं, आणि पलीकडे बाळ चक्क झोपी गेलं. मला बडवायचं थांबवलं की ते जागं होऊन रडायचं. माझ्या आवाजाने झोपलेलं असं हे जगातलं पहिलंच माणूस. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

पहिले सहा दिवस झकास गेले. दखील बासरीवाला सूर धरायचा, हिरमिझ मला ठोकायचा, बाकीचे आळीपाळीने नाचायचे.

"शितिल, सांग पाहू," दखील ओरडायचा, "तुझ्या सासूने तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू काय करत होतास?"

"झोपलो होतो," आतून खोल गेलेला आवाज यायचा.

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हाही."

"आता काय करतोयस?"

"तुमच्या सगळ्यांची आठवण ठेवतोय," शितिल म्हणायचा, "तरमीदा झालो की एकेकाला थंडीत नदीत बराच वेळ उभं करीन."

सातव्या दिवशी मात्र दुपारी वारा पडला. उन्हाने बोरूसुद्धा मुकाट झाले. वरच्या गावाहून मदतीला आलेले दोघे तरमीदा नदीवर स्वतःचा स्वयंपाक करायला गेले होते, कारण त्यांना दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. आत शितिलजवळ एकटे शेख झहरून बसले होते. बाहेर हिरमिझ मांडीवर मला घेऊन ठोके देत होता. टणाण्. टणाण्. मग नुसतंच टण्. मग बराच वेळ काहीच नाही.

मी वर पाहिलं. हिरमिझचं तोंड उघडं पडलं होतं. दखीलची बासरी ओठांतच होती आणि प्रत्येक श्वासाला त्यातून बारीक शीळ वाजत होती. सात दिवस दुसऱ्याला जागवता जागवता अख्खं गाव गाढ झोपलं होतं. आत शेखांची दाढी छातीला टेकली होती. जागा होता तो फक्त गावातला सगळ्यात झोपाळू माणूस.

तेवढ्यात हिरमिझने कूस बदलली आणि मी त्याच्या मांडीवरून काठावर उभी राहून घरंगळत निघाले.

मित्रांनो, तीस वर्षांत मी इतकी घाबरले नव्हते. समोर झोपडीकडे उतार होता आणि मध्ये तो चर. मी माशांच्या वासाची, कोंबडीने अंडी उबवलेली परात. चर ओलांडून आत गेले असते, शितिलच्या वस्त्राला लागले असते, तर सात दिवसांवर पाणी पडलं असतं. आणि तेही मऊ वाळूवरून, आवाज न करता. जन्मभर नको तेव्हा किंचाळले आणि आज तोंडातून चकार शब्द निघेना! शितिल मला येताना पाहत होता. त्याला उठून अडवता येत नव्हतं. तो मागे मागे सरकत झोपडीच्या बोरूला जाऊन चिकटला.

चराच्या अलीकडे चार बोटांवर दखीलचा भलामोठा पाय पसरलेला होता. मी त्याच्या तळव्याला टेकले आणि उभी राहिले. दखील झोपेतच म्हणाला, "सरक ना जरा."

शितिलने श्वास सोडला. पण भीती ओसरली तशी झोप दुप्पट होऊन आली. त्याची मान एकदा झुकली. दुसऱ्यांदा झुकली. ओहोळापलीकडे बाळ रडायला लागलं होतं, पण तेही आता त्याला दूरचं वाटत असावं. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या खजुराच्या बियांकडे गेलं. सात दिवसांत खाल्लेल्या खजुरांच्या त्या बिया होत्या. त्याने एक उचलली आणि झोपडीच्या दारातून मला नेम धरून मारली.

टण्.

अंगावर काटा आणणारा तो माझा चिरका स्वर! शितिल ताठ बसला. त्याने एक प्रार्थना मोठ्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली आणि दुसरी बी मारली. टण्. पुढची प्रार्थना. टण्. बाळ हळूहळू शांत झालं. झोपलेल्यांपैकी कुणी हललंही नाही; सात दिवस माझ्या आवाजाची सवय झालेली, उलट त्यांना त्याची अंगाईच झाली. आम्ही दोघं अशी सगळी दुपार जागलो. मला एकाच तरमीदाने स्वतःच्या हाताने वाजवलं आहे, आणि तेही न शिवता.

चौतिसावी बी शेवटची होती. ती संपली, आवाज थांबला, आणि त्या शांततेने हिरमिझ दचकून जागा झाला. समोर पाहतो तो शितिल डोळे मिटून ओठ हलवत बसलेला.

"झोपला! झोपला!" हिरमिझने बोंब ठोकली. "उठा! मेला झोपला!"

सगळे धडपडत उठले. दखीलच्या तोंडून बासरी पडली. शितिलने डोळे उघडले. "काका, मी प्रार्थना म्हणत होतो."

"साखरपुड्यात म्हणत होतास तशीच ना?"

एक-दोघे हसले, पण ते हसणं लगेच विरून गेलं. सगळे शेखांकडे पाहायला लागले. शेखांनी डोळे चोळले.

"तो कधी झोपला, हिरमिझ?"

"आत्ताच! मी सारखा पाहत होतो. माझी पापणी लवली नाही."

"मग परात तुझ्या मांडीवरून तिकडे कशी गेली?"

हिरमिझने मांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी... ठेवली."

"दखीलच्या पायावर?"

"सावली होती तिथे."

शितिलचं तोंड पांढरं पडलं. "शेख, मी खरंच जागा होतो. पण मला पाहणारं कुणी जागं नव्हतं."

आणि हीच तर मेख होती. माझ्याकडे सगळं होतं, मी सगळं पाहिलं होतं, आणि परातीला साक्षीला कोण बोलावतो? दोघे पाहुणे तरमीदा नदीवरून परतले होते. त्यांतला एक हलकेच म्हणाला, "शंका असेल तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." शेखांचा हात नकळत गुडघ्यावर गेला.

"मामंजी!"

ओहोळापलीकडे, झोपडीच्या दारात, बाळाला खांद्यावर टाकून ममानी उभी होती.

"मामंजी, तुम्ही घोरत होतात. आमच्या झोपडीची चटई हलत होती."

"तू आत जा! बाळंतिणीने वाऱ्यात उभं राहू नये!"

"वारा कुठाय? शेख, तो झोपला नाही. चौतीस वेळा परात वाजली, मी मोजलंय. दोन ठोक्यांमध्ये एक प्रार्थना. सातव्या वेळी नदीची प्रार्थना म्हणताना मधली ओळ गाळली, मग थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटली."

शेख वळले. "शितिल, ओळ गाळली होतीस?"

शितिलचे कान लाल झाले. "हो, शेख. पण पुन्हा म्हटली."

दखीलने चराबाहेरच्या वाळूत गुडघ्यावर बसून बिया वेचल्या. चौतीस भरल्या.

पाहुणा तरमीदा चुळबुळला. "पण बाई विटाळात आहे. तिची साक्ष इथवर..."

"ती इथे आलेली नाही," शेख म्हणाले. "तिचा आवाज आलाय. आवाजाला विटाळ नसतो." मग त्यांनी ओहोळाकडे तोंड केलं. "पोरी, बाळ रडत होतं म्हणून जागी होतीस का?"

"नाही, शेख. बाळ केव्हाच झोपलं होतं. जन्मल्यापासून पहिल्यांदा एवढं गाढ." तिने खांद्यावरचं ओझं सावरलं. "मलाही झोपता आलं असतं. पण तुम्ही सगळे झोपलेले दिसलात, आणि तो पोरगा एकटाच. म्हटलं, त्याच्या बाजूने कुणीतरी जागं असायला हवं."

शेख म्हणाले, "माझाही डोळा लागला होता. आधी मीच सांगायला हवं होतं." त्यांनी हिरमिझकडे पाहिलं.

हिरमिझने घसा खाकरला. "जरासा लागला असेल," तो म्हणाला. मग सगळ्यांच्या नजरा पाहून: "बरं, घोरत होतो. बस्स? पण चटई हलत नसेल. ती पोरगी वाढवून सांगते."

सूर्य मावळला तेव्हा शितिलचे सात दिवस भरले.

त्यानंतर नव्या तरमीदाला साठ दिवस सोवळ्यात राहावं लागतं. ते संपल्यावर एका रविवारी तो पांढरी वस्त्रं नेसून, डोक्याला मेंदीच्या पानांसारख्या सुवासिक पानांचं कडं बांधून, हातात जैतुनाची काठी घेऊन नदीत कमरेएवढ्या पाण्यात उतरला. शेख झहरून काठावर चटईवर बसले होते, गुडघ्यांवर रजई घेऊन. पहिलं स्नान ममानीचं आणि तिच्या बाळाचं. शितिलने बाळाचं नाव घेतलं, आमच्या रीतीप्रमाणे आईच्या नावाने, "ममानीचा मुलगा" असं म्हणून, आणि बाळ पाण्यात इतकं किंचाळलं की मला माझी जवानी आठवली.

मग जेवण होतं. हिरमिझने माझ्यावर नदीतल्या भाजलेल्या माशांचा ढीग रचला आणि मला डोक्यावर घेऊन निघाला. आजवरची त्याची पद्धत म्हणजे पंगतीत मला दाणकन आदळायचं, म्हणजे सगळ्यांना कळतं जेवण आलं. तो खजुराच्या झाडाखाली आला आणि थबकला.

ममानी झाडाला टेकून झोपली होती. ओल्या केसांतून पाणी गळत होतं, तोंड किंचित उघडं, आणि मांडीवरचं बाळ टक्क जागं, पाय झाडत, आता रडू का मग, असा विचार करत.

हिरमिझने बाईबाप्ये सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलं. दखीलने बासरी कमरेत खोचली. हसणाऱ्या बायका ओढणीत तोंड घालून गप्प झाल्या. मग हिरमिझ गुडघ्यांवर बसला आणि त्याने मला वाळूवर असं टेकवलं, की मला कळलंच नाही मी कधी टेकले. एवढ्या वर्षांत मला कुणी असं ठेवलं नव्हतं.

आता शिवायला हरकत नव्हती. त्याने नातवाला उचललं, आपल्यासारखंच नाक एकदा जवळून पाहिलं, आणि बाळाचं तोंड उघडायच्या आत त्याला घेऊन नदीच्या काठाकाठाने लांब चालत गेला, इतका लांब, की रडणं तिथवर ऐकू आलं नाही. मासे गार झाले. ममानी संध्याकाळपर्यंत झोपली.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असेल जी कुणासाठी तरी जागत आलीय आणि जिला जागं ठेवायला कधी परात वाजवावी लागली नाही. ती दुपारी जरा टेकलेली दिसली तर बाळाला उचलून थोडं लांब फिरवून आणा. आणि तोवर भांडी हळू ठेवा.